माज ओळखायला गोठ्यातल्या बाईला शिकवा

संपादक महाशय,

कृत्रिम रेतन करूनही गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर (गर्भधारणेच्या तयारीत) आली, की सगळे रेतमात्रेला, म्हणजे वापरलेल्या वीर्याला दोष देतात. खानापूर तालुक्यात गोठा सांभाळताना मी पाहते, बहुतेकदा चुकते ती वेळ. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवायची (रेतन करायचं), संध्याकाळी आलेली दुसऱ्या दिवशी सकाळी. काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), सततचं हंबरणं, दुसरी गाय अंगावर चढली तरी स्थिर उभं राहणं, हे पहाटे धारेच्या वेळी बाईलाच आधी दिसतं. उन्हाळ्यात म्हशीचा माज तर मुका असतो. रोज जवळ असणाऱ्यालाच तो कळतो. पण प्रशिक्षणाचं बोलावणं येतं पुरुषांना!

उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रातली गोठवलेल्या रेताची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते, हेही बायकांना दाखवा. मग खिशात कांडी घालून येणाऱ्याला (असे येतात, मी पाहिलंय) त्या जाब विचारतील. एक माज हुकला की भाकड काळ २१ दिवसांनी लांबतो, खुराक मात्र चालूच. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने आणि दूध संघांनी ही शिबिरं गावातच, दोन धारांच्या मधल्या वेळेत घ्यावीत.

– एक दूध उत्पादक महिला, विटा (जि. सांगली)