टोकदार नव्हे, बोथट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. अंतराळातून परतणारं यान एवढं तापतं कशाने, हा लेकीचा प्रश्न फार आवडला. 'हवेशी घासून' हे तुझं उत्तर मीही वर्गात कित्येक वर्षं दिलं. पण ते अपुरं आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

सायकलचा पंप आठव. भराभर हवा भरली की त्याचं बूड चटका देतं. दट्ट्या घासतो हे खरं, पण मुख्य उष्णता असते दाबलेल्या हवेची. कॉन्कॉर्ड विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडायचं तेव्हा बाहेर उणे 57 अंश सेल्सियस आणि नाकाच्या टोकाशी 127! यान तर सेकंदाला 7.8 किलोमीटर वेगाने येतं. समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते, भयंकर तापते. यानाच्या एकेका किलोमागे एवढी गतिज ऊर्जा (वेगामुळे असलेली ऊर्जा) असते की सुमारे 12 किलो पाण्याची वाफ व्हावी. ही सगळी यानात शिरली तर काही उरणार नाही.

मग ती जाते कुठे? इथेच मला खरा आनंद होतो. आधी सगळ्यांचा भर टोकदार नाकावर होता. 1951 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेत ज्युलियन ॲलन यांनी उलट दाखवलं: नाक बोथट करा. बोथट नाकापुढे शॉकवेव्ह, म्हणजे एकाएकी दाबल्या गेलेल्या हवेची लाट, अंगाला न चिकटता दूर उभी राहते आणि बहुतेक उष्णता हवेतच राहून मागे वाहून जाते. टोकदार, सडपातळ आकारात मात्र कातडीलगतच्या पातळ थरातलं घर्षण जास्त उष्णता आत ढकलतं. म्हणजे घासणं आहेच, पण ते एकटं नाही.

उरलेली उष्णता कवच झेलतं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या अपोलो यानाचं कवच स्वतःच करपायचं, त्यातून निघणारा वायू उष्णता घेऊन जायचा. माठातलं पाणी झिरपून वाफ होताना माठ गार करतं ना, त्याच्या जवळचंच हे. आपल्या इस्रोनेही 10 जानेवारी 2007 ला असंच बोथट नाकाचं छोटं यान वर धाडलं आणि 22 तारखेला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवलं.

कवचाला भोक पडलं तर काय होतं, ते कोलंबिया या अमेरिकी अंतराळयानाने दाखवलं. 1 फेब्रुवारी 2003. डाव्या पंखाच्या कडेतून तापलेला वायू आत शिरला आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. लेकीला हेही सांग, पण पंप तिच्या हातात देऊन झाल्यावर. बूड हाताला लागल्यावर ती काय म्हणाली, ते मला कळव.

तुझाच,
जुना बाकसोबती