सिल्व्हर नायट्रेटची बाटली कपाटाबाहेर येऊ द्या : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात मी असेंद्रिय (इनऑर्गॅनिक) रसायनशास्त्र शिकवतो. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला लागणारी रसायनं, काचसामान आणि माणसं यांची वेगळी, हक्काची तरतूद व्हावी, ही माझी मागणी आहे. ती का करतो आहे, हे नीट सांगायचं तर सिल्व्हर नायट्रेटपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या विषयातला सगळ्यात देखणा सिद्धान्त आल्फ्रेड वर्नर यांनी १८९३ मध्ये मांडला. तेव्हा ते २६ वर्षांचे होते आणि क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. कोबाल्ट, अमोनिया आणि क्लोरीन यांची तीन संयुगं घ्या. एक पिवळं, एक जांभळं, एक हिरवं. क्लोरीन तिन्हींत सारखंच, कोबाल्टच्या एका अणूमागे तीन. पण त्यांच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पिवळ्यातले तिन्ही क्लोराइड पांढऱ्या अवक्षेपात, म्हणजे तळाशी बसणाऱ्या साक्यात, उतरतात, जांभळ्यातले दोन आणि हिरव्यातला फक्त एक. उरलेले कुठे गेले? ते धातूला थेट जोडलेले आहेत, म्हणून सुटत नाहीत. अशा पुराव्यांवर आणि द्रावणांच्या विद्युतवाहकतेच्या मोजमापांवर वर्नर यांनी रेणूची त्रिमितीय रचना ताडली. १९१३ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

हे पाहायला परीक्षानळी, तराजू आणि सिल्व्हर नायट्रेट पुरतं. तरीही आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी तो अवक्षेप स्वतः पाडलेला नसतो. सिल्व्हर नायट्रेट म्हणजे शेवटी चांदीच. चांदी महागली की तेही महागतं आणि बाटली कपाटात कुलपाखाली जाते. मग शिक्षक एकदा करून दाखवतात, मुलं भोवती उभी राहून पाहतात आणि फळ्यावरची रीडिंग जर्नलमध्ये उतरवतात. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे कागदावर ६० तास. त्यातले किती तास मुलाच्या हातात खरोखर ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडायची खुणांची नळी, असते, हे कुणीतरी एकदा मोजायला हवं.

हातात ब्युरेट आल्यावर काय होतं, तेही सांगतो. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, मोजण्याचं प्रॅक्टिकल होतं. एका विद्यार्थिनीला मी घरचं पाणी आणायला सांगितलं. तिने बोअरचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीतून आणलं. ५० मिली पाणी, पीएच १० वर स्थिर ठेवणारं बफर द्रावण, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक रंग. द्रावण गडद लाल झालं. ती ब्युरेटमधून ईडीटीए, म्हणजे धातूला घट्ट धरणारं रसायन, सोडायला लागली, तर रंग बदलेना. तिला वाटलं आपलंच काही चुकलं. ४१ मिलीला कुठे द्रावण निळं झालं. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. हिशेब मांडला तर जडपणा लिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर. दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली कमाल मर्यादा ६०० आहे. त्या दुपारी तिने मला जितके प्रश्न विचारले तितके वर्षभराच्या तासांना कुणी विचारले नव्हते. लाल रंग कशाचा? ईडीटीए मॅग्नेशियमला त्या रंगापासून ओढून कसं घेतं? पीएच १० च का? कोऑर्डिनेशन केमिस्ट्रीचा, म्हणजे धातूला इतर रेणू कसे जोडले जातात त्याचा, अख्खा धडा तिच्या घरच्या पाण्यातून निघाला.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइड आहे, हे आपल्याला माहीत आहेच. ते ओळखायची एक जुनी चाचणीही याच तत्त्वावर चालते. झिर्कोनियम हा धातू आणि अलिझारिन हे रंगद्रव्य यांचा लाल रंग फ्लोराइड आलं की पिवळा पडतो, कारण फ्लोराइड झिर्कोनियमला अधिक घट्ट धरतं. त्या गावांतल्या मुलामुलींनी पदवीच्या वर्गात हे हाताने करू नये, तर कुणी करावं?

व्हर्च्युअल लॅब वापरा, असं सुचवलं जातं. पूर्वतयारीसाठी मी ती वापरतोही. पण पडद्यावरचा रंग बरोबर त्या थेंबाला बदलतो. खऱ्या कोनिकल फ्लास्कमध्ये एक थेंब जास्त पडतो, एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलायचा नेमका क्षण, हुकतो, दोन रीडिंग जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत ते शोधावं लागतं. अनोळखी मिश्रणातले धातू शोधताना ‘हे नसणार, कारण…’ असं एकेक शक्यता खोडत पुढे जायची सवय लागते. ती सवय हाच आमचा विषय आहे.

आता माणसांबद्दल. प्रयोगशाळेचा दिवस डिस्टिल्ड वॉटर काढण्यापासून सुरू होतो. द्रावणं बनवणं, बाटल्यांवर लेबलं लावणं, काचसामान धुणं ही कामं प्रयोगशाळा परिचर करतो. तो निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, की ही कामं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे येतात. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हे त्यालाच माहीत नसतं. अशा माणसाने मुलांच्या जोखमीवर तीव्र आम्ल आणि अमोनियाची प्रॅक्टिकल्स घ्यायची, तीही धूर ओढणारा पंखा बंद असलेल्या खोलीत! तो सोपी प्रॅक्टिकल्स निवडतो. मी त्याला दोष देणार नाही.

एम.एस्सी.ला जवळजवळ प्रत्येकाला ऑर्गॅनिक (सेंद्रिय रसायनशास्त्र) हवं असतं, कारण औषध कंपन्यांत नोकरी मिळते. घरची परिस्थिती पाहून मुलं निवडतात, ते योग्यच आहे. पण आपण विजेवरच्या गाड्यांची स्वप्नं पाहतो आहोत. त्यांच्या बॅटरीतलं लिथियम, निकेल, कोबाल्ट आणि मोटरच्या चुंबकातलं निओडिमियम वेगळं करायला, शुद्ध करायला, जुन्या बॅटरीतून परत मिळवायला इनऑर्गॅनिक जाणणारी माणसं लागतील. ती तयार व्हायला वर्षं जातात.

म्हणून विनंती अशी. विद्यार्थिसंख्येवर आधारलेला, फक्त रसायनं आणि काचसामानासाठीच खर्च करता येईल असा निधी दरवर्षी द्या आणि तो जूनपूर्वी द्या. मार्चअखेर घाईने आलेल्या पैशातून भलतंसलतं घेतलं जातं, आणि सत्र तर तेव्हा संपत आलेलं असतं. परिचरांची आणि कायम शिक्षकांची रिक्त पदं भरा. धूर ओढणारी चालू व्यवस्था नसेल तिथे आधी ती बसवा. विद्यापीठांतली महागडी उपकरणं आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या महाविद्यालयांना खुली ठेवा, म्हणजे त्या विद्यार्थिनीच्या बाटलीतल्या पाण्याचा उरलेला तपासही तिलाच करता येईल.

आणि एक काम बिनखर्चाचं आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा, अनोळखी नमुना सक्तीचा करा. तो आगाऊ सांगितला जाणार नाही आणि गुण त्याने स्वतः घेतलेल्या रीडिंगवरच मिळतील, असा नियम येत्या सत्रापासून काढता येईल. त्यासाठी वर्षभर प्रॅक्टिकल खरोखर घ्यावी लागतील, आणि मग कुठे काय कमी आहे त्याची यादी प्रत्येक महाविद्यालय आपणहून आपल्याकडे पाठवील.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक