केबिनचं दार

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि ही गोष्ट सलग सांगायची आहे. घरी सगळे बरे. आईची साखर आटोक्यात आहे, माझी कंबर पावसाळ्यात धरते तेवढीच धरली आहे. झालं.

आमच्या रिसेप्शनवरची मुलगी तू पाहिलेली नाहीस, तू हा दवाखाना सोडून गेल्यावर आली. सिन्नरहून रोज एसटीनं येते. आवाज इतका बारीक की पेशंटना दोनदा विचारावं लागतं. परवाच्या गुरुवारी ओपीडी तुडुंब भरलेली असताना एका काकांना सेफ्ट्रियाक्सोनचं, म्हणजे अँटिबायोटिकचं, इंजेक्शन दिलं आणि थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. सिस्टरला तेवढ्यात वर वॉर्डात बोलावणं आलं. काका मान खाजवायला लागले. मग हातावर गांधी उठल्या, मग आवाज घोगरा झाला. बाकावर त्यांच्या शेजारी माणसं बसलेली होती, कुणाला काही वाटलं नाही. ही काउंटर सोडून उठली आणि दार न वाजवता थेट सरांच्या केबिनमध्ये गेली. आत टेबलावर एक बाई तपासणीला झोपलेल्या. सर ओरडले, "बाहेर थांब!" ती हलली नाही. म्हणाली, "सर, बाहेर या. आत्ता या. काकांना धाप लागलीय."

सर आले. पुढचं तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण तुला ऐकून बरं वाटेल. नवी सिस्टर सवयीनं एव्हिलची, त्या ॲलर्जीच्या औषधाची, अँप्यूल फोडत होती. मोठ्या सिस्टर जिन्यावरूनच ओरडल्या, "एव्हिल नंतर! आधी ॲड्रेनलिन!" ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत. काकांना आडवं केलं, पाय उंच, ऑक्सिजन, सलाइन. पाच मिनिटांत फरक दिसेना, म्हणून दुसरा डोस. मग कुठे बीपी लागलं. आणि सिलिंडरचा पाना जागेवर होता बरं का! तू ट्रॉलीला साखळीनं बांधून ठेवलेला, तोच. बांधलास तेव्हा मोठे सर म्हणाले होते, "गाय आहे का ती, दावं लावायला?" वॉर्डबॉय मामांनी गुरुवारी तो न शोधता हातात घेतला.

अशी रिअ‍ॅक्शन काही तासांनी उलटू शकते, म्हणून काकांना रात्रभर मोठ्या दवाखान्यात ठेवलं. आता घरी आहेत. मुलानं पेढे आणून दिले.

इथं संपलं असतं तर मी पत्र लिहिलंच नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, पोरीला शाबासकी देणार. सर म्हणाले, "यापुढे पेशंट तपासणीला असताना कुणी केबिनमध्ये घुसायचं नाही. इंटरकॉम कशासाठी दिलाय?" आतल्या बाईंनी तक्रार केली होती आणि ती खरीच होती. टेबलावर बाई असताना दार उघडलं जाणं मलाही चालणार नाही. सर वाईट नाहीत, तुला माहीत आहे. पण त्या खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकानं त्यातून एकच अर्थ घेतला: बोललं की बोलणी बसतात. पोरीनं मान खाली घालून वहीत "इंटरकॉम" एवढंच लिहिलं.

आणि शनिवारी मी स्वतः पाहिलं. बाकावर एका ताईंना चक्कर आली. हिनं इंटरकॉम उचलला, तो एंगेज. ठेवला. पुन्हा उचलला. ठेवला. दाराकडे पाहत उभी राहिली. मीच धावले. श्रावणातला उपास होता, लिंबू-सरबतानं ताई उठून बसल्या. काही झालं नाही, म्हणून कुणी त्याबद्दल बोललंही नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

सुमे, आमच्याकडे तयारीत कागदावर काय कमी आहे सांग. फायरचा फॉर्म बी, आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जानेवारीत आणि जुलैत न चुकता जातो. क्रॅश कार्टचं, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचं, सील, औषधांच्या तारखा, दर सोमवारी सही. तू चिपळूणहून त्या जुलैत फोन केलास ना, वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर, त्यानंतर मी भांडून भांडून जनरेटर तळघरातून वर आणवला. (२०२१ मध्ये एप्रिल इथं आणि जुलै तिथं, दोन्ही तुझ्याच वाट्याला यावेत!) संकटात फोन करायच्या नंबरांचा तो फलकही भिंतीवर आहे. त्यावर हुद्देच लिहिलेत, नावं नाहीत, आणि यावर मी अजून तुझं ऐकणार नाही. माणसं बदलतात, फलक कोण बदलणार? तू म्हणशील, हुद्द्याला कुणी हाक मारत नाही. म्हण.

पण या सगळ्याच्या आधी कुणीतरी पहिलं बघावं लागतं आणि पहिलं बोलावं लागतं. भंडाऱ्याच्या रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला आगीत दहा बाळं गेली, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या आयसीयूत अकरा माणसं. दोन्ही वेळा मी आमचं फायर ऑडिट पुन्हा काढून वाचलं. आता वाटतं, ऑडिट वाचताना मी एक प्रश्न कधी विचारला नाही की आपल्याकडे रात्री दोनला जळका वास सगळ्यात आधी कुणाला येईल? झाडूवाल्या मावशींना. आणि मावशी कुणाला उठवतील? सरांना उठवायची हिंमत करतील का?

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. पर्वणीच्या दिवशी पंचवटीत गाडी शिरणार नाही, सिडको-सातपूरचा स्टाफ पोचणार नाही, जे आत असतील तेवढ्यांवरच दवाखाना. २००३ ला शाहीस्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ जण गेले, ते या शहरात कुणी विसरलेलं नाही. तसा दिवस आला तर आमच्या दारात पहिला माणूस या पोरीसमोर येऊन पडणार आहे. तिनं तेव्हा इंटरकॉम लावत बसावं का?

मी तिला बोलावून सांगितलं की तू केलंस ते बरोबर केलंस. ती "हो मॅडम" म्हणाली. माझ्या सांगण्याला काही अर्थ नाही गं. ते सरांनी सांगायला हवं, त्याच खोलीत, त्याच सगळ्यांसमोर. शिवाय मला दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे एक ठरलेला शब्द. तो उच्चारला की कुणीही, अगदी मावशीसुद्धा, कुठल्याही दारातून आत यायचं, आणि टेबलाला पडदा लावून घ्यायचा, म्हणजे आतल्या बाईचाही मान राहील. दुसरी म्हणजे ड्रिल, संकटाचा सराव, झाल्यावर सगळ्यात कमी पगाराच्या माणसानं आधी बोलायचं आणि सरांनी सगळ्यात शेवटी. सर आधी बोलले की बाकीच्यांचं "हो सर" होतं. मोठ्या सिस्टर माझ्या बाजूनं आहेत. मामा म्हणतात, "मॅडम, कशाला?" आणि पोरगी अंबडच्या एका ऑफिसात नोकरी बघतेय असं कानावर आलं. ती गेली तर मला फार लागेल.

तुझं काय चाललंय? मोतीबिंदूनंतर सासूबाईंना दिसतं का नीट? पिंट्याची दहावी यंदाच ना? त्याला अभ्यासावरून छळू नकोस, तू दहावीत काय दिवे लावलेस ते माझ्याकडे पुराव्यानिशी आहे. आणि मिसळीला तू "फरसाणाचं पाणी" म्हणालीस ते मी अजून माफ केलेलं नाही.

आता ज्यासाठी लिहिलं ते. इथल्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी भरताना गळती होऊन २२ जण गेले त्या रात्री, २०२१ च्या २१ एप्रिलला, आपल्याकडे पाच पेशंट ऑक्सिजनवर होते. तू जिन्याखाली बसून हिशेब केलास: जम्बो सिलिंडरमध्ये ७,००० लिटर, पाच जणांना मिनिटाला दहा-दहा, म्हणजे एक सिलिंडर २ तास २० मिनिटं. आणि भर वॉर्डात म्हणालीस, "सर, पहाटे चारपर्यंतच पुरेल." सर तुझ्यावर केवढे ओरडले! मग तू त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये गेलीस, दार लावलंस, आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन ते स्वतः सिलिंडरसाठी फोन करत बसले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर "सिस्टरांनी वाचवलं" असंही म्हणाले.

आत तू त्यांना काय बोललीस, ते मला कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. आता विचारते. मंगळवारी चारला सरांनी मला वेळ दिली आहे. त्याआधी लिही, नाहीतर फोन कर. या वेळी तूच बोल, मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
वैजू