घाट उतरताना गाडी गियरमध्येच ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत ३३ वर्षं चालक होतो. १९८६ साली लागलो, पहिली काही वर्षं महाबळेश्वर आगारात काढली, मग कराडला आलो आणि २०१९ साली तिथूनच निवृत्त झालो. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालाय. तो घरी देवघराशेजारी लावला आहे.

कोजागिरीच्या आठवड्यात आम्ही चौघं जुने सोबती तापोळ्याकडं गेलो होतो. एक मी, एक कंडक्टर, एक मेकॅनिक आणि चौथा सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता, ज्याचा आवाज अजून भोंग्याशिवाय शंभर फुटांवर जातो. मेकॅनिकच्या मेहुण्याचं तिकडं डोंगराच्या उतारावर घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर पत्रा, दोन खोल्या आणि पुढं ओटा. ओट्यावर बसलं की खाली कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दिसतो.

पहाटे साडेपाचला कराड सोडलं. साताऱ्यातून मेढा, मग केळघरचा घाट. पाऊस नुकताच संपलेला, दरडीतून पाणी अजून झिरपत होतं, साइडपट्ट्यांवर शेवाळ. महाबळेश्वरच्या अलीकडं धुकं लागलं तेव्हा मी लाइट डिपवर घेतले. अप्पर टाकला की धुक्याची भिंत उलटी डोळ्यांवर येते. समोरून येणारे बहुतेक जण अप्परवरच होते.

महाबळेश्वराच्या पुढं शेतांमधून स्ट्रॉबेरीच्या लागणी चालल्या होत्या. गादीवाफे, त्यावर प्लास्टिकचा कागद, कागदाला भोकं आणि एकेका भोकात इवलंसं रोप. बाया ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. तिथून खाली तापोळ्याचा रस्ता वळणावळणानं उतरतो. याच बाजूला मी मुक्कामाची गाडी आणायचो. रात्री गाडी लावायची, देवळात नाहीतर गाडीतच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन महाबळेश्वर गाठायचं. गावात एक म्हातारी होती, ती चहा केल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. आता ती नाही. तिच्या नातवानं मला ओळखलं आणि घरी नेऊन नाचणीची भाकरी आणि पाण्यातला ताजा मासा खाऊ घातला. तीस वर्षांपूर्वी तो सकाळच्या गाडीनं शाळेला यायचा, कायम माझ्या मागच्या सीटवर.

कोजागिरीला मसाला दूध आटवलं. कंडक्टरनं पेले मोजून लावले. चांदणं पाण्यावर इतकं पडलं होतं की पलीकडच्या डोंगराची कड स्पष्ट दिसत होती. खालच्या खाचरात भात पिवळा पडू लागलेला, त्याचा वास येत होता. बराच वेळ आम्ही कुणी बोललो नाही. नोकरीत असताना आमच्या ड्युट्या कधी जुळल्या नव्हत्या. चौघं एकत्र एका रात्रीला निवांत बसलोय, असं ३३ वर्षांत एकदाही झालं नाही.

तीन दिवस राहिलो. परत येताना वाईच्या ढोल्या गणपतीला जायचं होतं म्हणून पाचगणीवरून पसरणी घाट धरला. हे पत्र लिहिण्याचं कारण त्या घाटात घडलं.

रविवार होता. आमच्या पुढं एक नवी पांढरी गाडी उतरत होती. तिचे मागचे ब्रेकचे लाल दिवे लागलेले होते आणि विझतच नव्हते. वळण असो, सरळ असो, दिवे लागलेलेच. मी ते बघत होतो, तेवढ्यात मेकॅनिकनं काच खाली केली, वास घेतला आणि म्हणाला, "लायनर जळतोय. थांबव त्याला."

मी डिपर दिला, हॉर्न दिला. गाडी चालवणाऱ्या पोराला वाटलं मला पुढं जायचंय, त्यानं साइड दिली. मग वाहतूक नियंत्रकानं खिडकीतून मान बाहेर काढून हाक मारली, तेव्हा कुठं तो पुढच्या रुंद जागेला थांबला. डाव्या पुढच्या चाकातून धूर येत होता. आत बायको, दोन लहान मुलं आणि त्याची आई. पोरगा तिशीचा असेल. घाईघाईनं पाण्याची बाटली घेऊन चाकावर ओतायला निघाला. मेकॅनिकनं त्याचा हात धरला. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर डिस्क तडकू शकते. त्याला तापलेल्या गाडीचा हँडब्रेकही ओढू दिला नाही. गाडी गियरमध्ये ठेवली, चाकांना दगडांची उटी लावली आणि चाळीस मिनिटं नुसतं थांबलो. मुलांना कंडक्टरनं चिक्की दिली.

पोरगा म्हणाला, "काका, मी न्यूट्रलवर, गियर काढून आणत होतो. पेट्रोल वाचतं ना." शेवटच्या दोन वळणांना पेडल मऊ लागत होतं, हेही त्यानंच सांगितलं. पेडल मऊ लागणं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. ब्रेक इतका तापतो की आतलं ऑइल उकळतं, त्यात वाफ होते आणि पाय दाबला तरी दाब चाकापर्यंत पोचत नाही. आणखी दोन-चार वळणं तो तसाच गेला असता तर पेडल पार तळाला गेलं असतं. त्याच्या आईनं हे ऐकलं आणि नातवाला उचलून मांडीवर घेतलं. त्या बाईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

न्यूट्रलवर पेट्रोल वाचतं, ही समजूत आजच्या गाड्यांना लागू नाही. गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिन पेट्रोल घेणंच बंद करतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलं तर उलट इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतं. काही जण तर उतारावर इंजिनच बंद करतात. मग स्टेअरिंग जड होतं, ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, आणि किल्लीच्या गाडीत किल्ली काढली तर स्टेअरिंग लॉकही होतं.

आम्हाला शिकवलं होतं की ज्या गियरमध्ये घाट चढतो, त्याच गियरमध्ये उतरायचा. गाडी धरून ठेवायचं काम इंजिनाचं आहे. वळणाच्या आधी ब्रेक लावून वेग कमी करायचा आणि पाय उचलायचा, म्हणजे ब्रेकला गार व्हायला वेळ मिळतो. ऑटोमॅटिक गाडीलाही खालचा गियर धरून ठेवायची सोय असते. ती कुठं आहे हे घरून निघण्याआधी बघून ठेवावं.

दुसरी गोष्ट तापोळ्याच्या रस्त्यावर पाहिली. रोपांचे क्रेट भरलेला पिकअप चढत होता. वरून आलेल्या गाडीनं त्याला जागा दिली नाही. पिकअप थांबला, मागं सरकला, मग हाफ-क्लचवर कसाबसा निघाला. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला पहिला मान, हा नियम आहे आणि २०१७ च्या केंद्रीय नियमावलीतही तो लिहिलेला आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना काय होतं, हे ज्यानं कधी केलं नाही त्याला सांगून कळत नाही, म्हणून तर नियम केला.

माझ्या नातवाला एका ड्रायव्हिंग स्कूलनं गाडी शिकवली. मैदानात आठ काढला, रिव्हर्स घेतला, लायसन्स मिळालं. घाट एकदाही दाखवला नाही. घाट सुरू होतो तिथं न्यायला जमत नसेल तर निदान तासभर बसवून समजावून तरी सांगावं. आणि प्रत्येक मोठ्या घाटाच्या माथ्यावर, उतार लागण्याच्या आधी, मोठ्या मराठी अक्षरांत फलक हवा: 'गाडी गियरमध्येच ठेवा.' त्याच्याजवळ चार गाड्या थांबतील एवढी जागा असावी. संबंधित खात्यानं हे मनावर घ्यावं.

त्या दिवशी चाक निवल्यावर पोरगा आमच्या मागं सेकंड गियरमध्ये सावकाश खाली आला. वाईत पोचल्यावर उतरला आणि चाकाजवळ हात नेऊन बघितला. चाक कोमट होतं.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. लोक मुलाबाळांना घेऊन महाबळेश्वरला, आंबोलीला, माळशेजला निघतील. हे पत्र त्याआधी छापावं, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, कराड