सलग बारा कप्पे शोधून दिल्याबद्दल

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

सांगलीतील ज्या शीतगृहात मी बेदाण्याच्या आवक-जावकीची नोंद सांभाळतो, तिथे एका शेतकऱ्याचा लॉट शेजारशेजारच्या कप्प्यांतच ठेवावा लागतो, कारण माल विखुरला की सौद्यासाठी नमुना काढताना हमालांची ओढाताण होते आणि लॉट एकमेकांत मिसळण्याची भीती राहते. रिकामे कप्पे डेटाबेसमध्ये दिसत होते. पण सलग बारा कुठे आहेत हे शोधण्यासाठी मी डेटाबेसमधले कप्प्यांचे टेबल, म्हणजे नोंदतक्ता, त्यालाच अकरा वेळा जोडत होतो, आणि तासगावहून आलेला टेम्पो फाटकात ताटकळत असताना उत्तर काही येत नसे.

आपण गेटपासच्या पाठीमागे रिकाम्या कप्प्यांचे पाच क्रमांक लिहिलेत: ४१, ४२, ४३, ४७, ४८. त्यांच्याखाली १ ते ५ मांडून वजाबाकी मला करायला लावलीत. उत्तरे आली ४०, ४०, ४०, ४३, ४३. सलग क्रमांकांत दोन्ही आकडे एकेकाने वाढतात म्हणून फरक तोच राहतो. मध्ये भरलेला कप्पा आला की फरक वाढतो आणि पुन्हा कधीच मागे येत नाही, म्हणून दोन वेगळे सलग पट्टे चुकूनही एका गटात पडत नाहीत. हे डोळ्यांसमोर घडताना पाहिले, तेव्हा डेटाबेसमधल्या ‘रो नंबर’ या फंक्शनने ओळींना क्रम देणे, ‘ग्रुप बाय’ने समान फरकाचे गट करणे आणि ‘हॅविंग’मध्ये गटात किमान बारा कप्पे असण्याची अट घालणे मला पाठ करावे लागले नाही. आमच्या मायएस्क्यूएल ५.७ या डेटाबेस प्रणालीत ‘रो नंबर’ हे फंक्शनच नव्हते, ८.० आवृत्ती बसवून देण्यासाठी आपण रविवार खर्ची घातलात.

पहिल्याच दिवशी एक लॉट अर्धा तिसऱ्या रॅकमध्ये आणि अर्धा चौथ्यात गेला. कप्प्यांचे क्रमांक सलग होते, प्रत्यक्ष जागा सलग नव्हती. आपण न रागावता ‘पार्टिशन बाय’मध्ये रॅक घालायला, म्हणजे प्रत्येक रॅकचा क्रम नव्याने सुरू करायला सांगितलेत, आणि फरकाच्या जोडीने गटही रॅकनिहाय करायला लावलेत.

मात्र आपली सर्वांत मोलाची सूचना वेगळीच होती: पुरेल असा सर्वांत लहान पट्टा आधी द्यावा, मोठा राखून ठेवावा. त्यानुसार मी निकाल लांबीच्या चढत्या क्रमाने लावला. एप्रिलअखेर एका शेतकऱ्याने तीस कप्पे मागितले, तेव्हा एकाच रॅकमध्ये चौतीस सलग रिकामे होते. मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
शीतगृहातील नोंदणी लिपिक, सांगली