यादीतला आमचा खलाशी कोणता?

महोदय,

राष्ट्रीय सागरी दिनाची (५ एप्रिल) आपली पुरवणी वाचली. १९१९ साली याच तारखेला ‘एस. एस. लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, ही हकीकत दरवर्षी छापून येते आणि ती यावीच. पण बोटींच्या मालकांना दोन पाने आणि खलाश्यांना एक ओळ, तीही ‘शूर दर्यावर्दी’ एवढीच! दापोली तालुक्यात आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात एकेका घरातली दोन-दोन माणसे बोटीवर असत, म्हणून लिहावेसे वाटले.

माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ सतराव्या वर्षी गावच्या सारंगाबरोबर (सारंग म्हणजे खलाश्यांचा मुकादम) मुंबईला गेला. हर्णैहून आगबोटीने भाऊचा धक्का, तिथून गावच्या जमातीची खोली. भरती सारंगाच्या हाती, त्यामुळे त्याची दस्तुरी, म्हणजे दलाली, चुकत नसे. ‘नळी’, म्हणजे खलाश्याची नोंदवही, हातात पडली की पोरगा कमावता झाला. डेकवर आमचे रत्नागिरीकर, खाली भट्टीपाशी पंजाबी नाहीतर पठाण, साहेबांच्या जेवणघरात गोंयकार, अशी वाटणी ठरलेली. डेक घासायचा, गंज खरवडायचा, रंग द्यायचा, दोर ओढायचे. पगार गोऱ्या खलाश्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. १९३९ मध्ये युद्ध लागताच आपल्या खलाश्यांनी इंग्लंडच्या बंदरांत पगारवाढीसाठी संप केला, शेकडो जण तुरुंगात गेले, तेव्हा कुठे पगार वाढले. त्या वेळी ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या दर चार माणसांतला एक हिंदी होता. हे शाळेत आम्हाला कुणी शिकवले नाही.

१९४२ साली अटलांटिकमध्ये आजोबांच्या या भावाच्या बोटीला पाणसुरुंग्या लागला, असे घरात सांगत. आजोबा टॉर्पेडोला पाणसुरुंग्याच म्हणत. भावाचे वय तेव्हा एकोणीस. नळी बोटीबरोबरच गेली. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे. मय्यत समोर नसली तरी नमाज पढता येते, ती पढली गेली. पणजीने मात्र त्यानंतर कित्येक वर्षे हर्णैची आगबोट लागायची वेळ चुकवली नाही.

‘सिटी ऑफ बेनारस’ ही बोट १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री जर्मन पाणबुडीने बुडवली. इंग्लंडमधून कॅनडाला पाठवलेली ९० मुले तिच्यावर होती, त्यांतली ७७ गेली. जगाला ती मुले आठवतात, आठवायलाच हवीत. त्याच रात्री शंभरावर हिंदी खलाशीही गेले. अंगात सुती कपडे आणि बाहेर उत्तर अटलांटिकचा गारठा. आठ दिवस समुद्रात भरकटलेल्या एका होडीत ४६ माणसे होती. त्यांतले ३२ आपले खलाशी. होडीतल्या सहा मुलांबद्दल मी पुष्कळ वाचले. या ३२ जणांची गावे कोणती, ते कुठेच सापडले नाही.

आता मुद्द्याचे. मस्जिद बंदरला पी. डि’मेलो रोडवर इंडियन सेलर्स होम आहे. समुद्र हीच ज्यांची कबर, अशा खलाश्यांचे स्मारक तिथे आहे. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांवर आणि दुसऱ्या महायुद्धातले सुमारे साडेसहा हजार. दुसऱ्या युद्धाची तीच यादी चितगावलाही ठेवली आहे. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावे शोधता येतात, पण ती साहेबाच्या कारकुनाने कानाला लागली तशी रोमन लिपीत उतरवलेली. मी आमचे नाव शोधले तर तेच नाव, तोच हुद्दा, असे तिघे निघाले. स्पेलिंग तिघांचे तीन तऱ्हांचे. आमचा कोणता?

यादीतली कोकणातली नावे देवनागरीत आणावीत आणि शक्य तिथे गावाप्रमाणे लावावीत, एवढेच मागणे आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने किंवा आपल्यासारख्या वृत्तपत्राने मनावर घेतले तर हे होण्यासारखे आहे. सरकारी समिती नेमू नये, ती पुढच्या ५ एप्रिललाच पुन्हा दिसेल. नुसते कागद पाहूनही भागणार नाही. आमच्या मोहल्ल्यात नव्वदी उलटलेल्या दोघी आहेत. कुणाचा मुलगा कुठल्या सारंगाच्या हाताखाली, कुठल्या बोटीवर होता, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. त्यांतल्या एकीला आता नीट ऐकू येत नाही, जवळ बसून मोठ्याने विचारावे लागते.

— एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी