कारखाने आले, पण गावांना काय मिळाले?

सोमवारच्या अंकातील इंडोनेशियाच्या निकेल धोरणावरील अग्रलेख वाचला. कच्चे खनिज जसेच्या तसे परदेशी पाठवू नये, हा त्यातील मुद्दा मान्यच आहे. जानेवारी २०२० पासून त्या देशाने निकेलच्या कच्च्या खनिजाची निर्यात थांबवली आणि सुलावेसी बेटावर मोरोवालीसारख्या ठिकाणी धातू गाळणारे प्रचंड कारखाने वाढले. पण मोरोवालीच्या वाट्याला काय आले, हेही लिहायला हवे होते. तेथे कंपन्यांच्या प्राप्तिकरात प्रांतांना वाटा नाही, तो केंद्राकडे जातो. मोठ्या गुंतवणुकीला तर हा कर २० वर्षांपर्यंत माफ करण्याची सोय दिली गेली. कारखान्यांची वीज बहुतांशी कोळशावरची, त्यामुळे धूर आणि राख मात्र स्थानिकांच्या पदरी. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील एका कारखान्यातील स्फोटात २१ कामगारांचा जीव गेला.

भुसावळ परिसरात औष्णिक विजेच्या राखेजवळ राहणाऱ्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले आणि खाणबाधित गावांसाठी स्वामित्वधनाच्या (खनिजापोटी सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या) प्रमाणात निधी ठरला. ही मोठी गोष्ट आहे, पण तो निधी खाणपट्टेधारक भरतात. खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांकडूनही (गडचिरोलीत आज त्यांचीच तयारी चालू आहे) आसपासच्या गावांसाठी कायद्याने बांधलेला असाच हिस्सा घ्यावा, आणि तो करारावर सह्या होण्याआधी ठरावा.

– एक वाचक, भुसावळ (जि. जळगाव)